एक माहीम, तीन कादंबऱ्या

लिहायचं असेल तर आधी भरपूर वाच, हा सल्ला मराठीत लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. वाचनालयाचं कपाट पालथं घालणारे, वर्षाला शंभर पुस्तकं संपवणारे वाचक आपल्या ओळखीत असतात. त्यांना दोन पानांची गोष्ट लिहायला सांगा, पेन अडतं. वाचकाला कादंबरीत काय घडलं ते आठवतं. लिहिणाऱ्याने शोधायचं असतं ते वेगळंच: हे कोणाच्या तोंडून सांगितलं, कुठून सुरू केलं, काय लपवलं आणि कुठवर लपवलं. लेखकाचे हे निर्णय छापील पानावर सहसा दिसत नाहीत, कारण ते दिसू नयेत म्हणूनच त्याने मेहनत घेतलेली असते. शिंपी जसा दुसऱ्याने शिवलेला सदरा उलटा करून आतली शिवण बघतो, तशी कादंबरी उलटी करून बघावी लागते.

एक सोय केली तर हे काम सोपं होतं. एकाच जागेवरच्या दोन-तीन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. जागा तीच म्हटल्यावर जो फरक उरतो, तो बहुतेक लेखकाच्या निर्णयांचा. मुंबईत यासाठी माहीमसारखी जागा नाही. जेमतेम दोन-अडीच किलोमीटरची ही पट्टी. एका टोकाला माटुंगा रोड स्टेशन आणि सिटीलाइटचा मासळीबाजार, दुसऱ्या टोकाला लेडी जमशेटजींच्या पैशातून 1845 साली झालेला कॉजवे. मध्ये मखदूमबाबांचा दर्गा, शितलादेवी, बुधवारच्या नोव्हेनाची गर्दी खेचणारं सेंट मायकल चर्च, कापड बाजार, कोळीवाडा आणि हलव्याची दुकानं. या पट्टीवर बेतलेल्या निदान तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्याने अभ्यासाव्यात अशा आहेत. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' 1969 सालची. जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' 2012 सालची. ती इंग्रजीत आहे, पण शान्ता गोखले यांनी 'एम आणि हूमराव' या नावाने ती मराठीत आणली आहे. तिसरी पिंटोंचीच, 2017 सालची 'मर्डर इन माहीम'.

कर्णिक मूळचे सिंधुदुर्गातल्या करूळचे. खाडीकाठच्या झोपडपट्टीवर लिहायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न असणार तो नायकाचा. एक माणूस धरायचा की अख्खी वस्ती? त्यांनी वस्ती धरली आणि पुस्तकाला नावही जागेचंच दिलं. हा निर्णय वाटतो त्यापेक्षा महाग पडतो. एक नायक असला की वाचक त्याचं बोट धरून चालतो. वस्ती नायक झाली की बोट धरायला कोणी उरत नाही. मग लेखकाला दर दहा-पंधरा पानांनी वाचकाला नव्या झोपडीच्या दारात नेऊन उभं करावं लागतं आणि तरी आधीची झोपडी त्याच्या लक्षात राहील अशी तजवीज करावी लागते. ही कादंबरी लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचायची तर पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक पात्र पहिल्यांदा येतं तिथे समासात खूण करा, दुसऱ्यांदा येतं तिथे दुसरी. दोन खुणांमध्ये किती पानं गेली आणि दुसऱ्या वेळी वाचकाला आठवण करून द्यायला लेखकाने नाव वापरलं, लकब वापरली की वस्तू, हे बघत जा. अनेक पात्रांची कादंबरी कशी चालवावी यावरची दहा व्याख्यानं ऐकून जे कळणार नाही, ते या खुणांतून कळतं.

आणखी एक गंमत इथेच नोंदवतो. 'माहीमची खाडी'च्या सहा वर्षं आधी, 1963 साली जयवंत दळवींची 'चक्र' आली. तीही झोपडपट्टीची, आणि दळवीही सिंधुदुर्गचेच, आरवलीचे. म्हणजे मुंबईची झोपडपट्टी मराठी कादंबरीत ठळकपणे आणणाऱ्या या दोघांचा पिंड कोकणातल्या गावात घडलेला. पण दळवींनी वस्तीच्या मध्यभागी अम्मा आणि तिचा मुलगा बेनवा यांना ठेवलं. त्यामुळे 'चक्र'मध्ये वस्ती या मायलेकांच्या भोवती दिसते. 'माहीमची खाडी'त माणसं वस्तीच्या पोटात दिसतात. 'चक्र'वर 1981 साली चित्रपट निघाला, त्यात स्मिता पाटीलने अम्मा केली. त्या कादंबरीचा चित्रपट करणं तुलनेने सोपं गेलं असेल, असं मला वाटतं. बोट धरायला माणूस तयार होता.

आता 'एम आणि हूमराव' उघडा. खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं एक बेडरूम-हॉल-किचनचं घर. त्यात गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब: आई, बाप, मुलगी, मुलगा. आई म्हणजे एम. मनाच्या आजाराने उसळणारी आणि बुडणारी, बिड्या ओढणारी, वाटेल ते बोलणारी, अफाट विनोदी. बाप ऑगस्टीन, म्हणजे हूमराव. कमी बोलणारा, सगळं तोलून धरणारा. गोष्ट मुलगा सांगतो आणि त्याचं नाव आपल्याला कळत नाही. पिंटोंना हे पुस्तक लिहायला वीसहून अधिक वर्षं लागली. 2016 सालचा इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

इथे शिकण्यासारखं काय? मानसिक आजारावर लिहिताना हात आपोआप करुणेकडे जातो. पानोपानी डोळे पुसणारा निवेदक ही या विषयाची सगळ्यात सोपी वाट. पिंटोंनी ती घेतलेली नाही. त्यांनी एमलाच बोलू दिलं. कादंबरीचा मोठा भाग संवादाचा आहे, त्यात एमची पत्रं आहेत, तिच्या नोंदी आहेत. सुरुवातसुद्धा एका पत्राने होते, त्यानंतर आपण जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्ड नंबर 33मध्ये पोचतो. म्हणजे आजारी बाई वाचकाला भेटण्याआधी प्रेमात पडलेली, चावट, हुशार मुलगी भेटते. हा क्रम उलटा केला असता, आधी वॉर्ड आणि मग पत्र, तर कादंबरी दुसरीच झाली असती. वाचकाने एमकडे पेशंट म्हणून पाहिलं असतं आणि पत्र वाचताना तो हळहळला असता. आत्ताच्या क्रमात तो आधी हसतो. पुढे त्याच हसण्याची किंमत त्याला मोजावी लागते. पहिल्या चार-पाच पानांचा क्रम लेखकाने का लावला असेल, हा प्रश्न प्रत्येक कादंबरीला विचारायची सवय लावली तरी निम्मं शिक्षण होतं.

'मर्डर इन माहीम'ची सुरुवात तर सरळ प्रेताने होते. माटुंगा रोड स्टेशनच्या शौचालयात एका तरुणाचा खून. तपास इन्स्पेक्टर करतो, पण आपण चालतो त्याच्या मित्राबरोबर, पीटर नावाच्या निवृत्त पत्रकाराबरोबर. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुस्तक आलं तेव्हा लागू होतं. सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणारे संबंध सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळले ते सप्टेंबर 2018मध्ये. पीटरला खुनाच्या तपासाबरोबर एक भीती खात असते, आपला मुलगा यात कुठे आहे का? आता हा माणूस पत्रकार का केला असेल, आणि तोही निवृत्त? पोलीस केला असता तर त्याला सगळीकडे जायची मुभा मिळाली असती, पण सगळ्यांनी तोंडं बंद केली असती. नोकरीतला पत्रकार केला असता तर बातमी छापायची घाई आली असती. निवृत्त पत्रकाराला प्रश्न विचारायची खोड असते, उत्तर छापायची सक्ती नसते आणि घरी बसून मुलाची काळजी करायला वेळ असतो. पात्राचा व्यवसाय हा कादंबरीत क्वचितच सहज म्हणून आलेला असतो. बाहेरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी जागा दाखवायची युक्ती आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त 1955 सालीच वापरली होती. तिथे नवा मास्तर धनगरवस्तीत येतो आणि वाचक त्याच्याबरोबर वस्ती शिकतो. पीटर अर्धा बाहेरचा, अर्धा आतला. राहतो माहीममध्येच, पण शेजारच्या स्टेशनात रोज काय चालतं ते त्याला ठाऊक नाही. ही अर्धवट ओळखच पुस्तक पुढे रेटते.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून एक छोटा प्रसंग तीन तऱ्हांनी लिहून दाखवतो. प्रसंग माझा, या कादंबऱ्यांतला नव्हे. खाडीकाठची झोपडी, भरतीचं पाणी, आईचा स्टो मुलाने विकलाय.

पहिली तऱ्हा: भरतीचं पाणी आत शिरलं तेव्हा सगळी वस्ती जागीच होती. रखमाने शेगडी उचलून खाटेवर ठेवली. तिचा स्टो पोराने सकाळीच विकला, हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं, रखमाला नव्हतं.

दुसरी: आईने स्टोबद्दल काही विचारलं नाही. शेगडी खाटेवर घेतली आणि पाणी उतरायची वाट बघत बसली. मी झोपेचं सोंग घेऊन तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत राहिलो.

तिसरी: पाणी ओसरल्यावर रखमाला भंगारवाल्याच्या फळीवर आपला स्टो दिसला. 'काल सकाळी एक पोरगा देऊन गेला,' भंगारवाला म्हणाला. कोणता पोरगा ते त्याने सांगितलं नाही. रखमानेही विचारलं नाही.

घटना एकच. पहिल्या तऱ्हेत माहिती वस्तीकडे आहे. वाचक वस्तीच्या बाजूने बसतो आणि रखमाची कीव करतो. दुसरीत माहिती मुलाकडे आहे, म्हणून प्रसंग अपराधाचा होतो. स्टो विकला हे वाक्य लिहावंसुद्धा लागलं नाही. तिसरीत माहिती कोणीच उघड करत नाही. रखमाला कळलंय की नाही, हे वाचकाने ठरवायचं. यातली कोणती तऱ्हा चांगली, हा प्रश्न निरर्थक आहे. आपल्याला रखमाबद्दल काय म्हणायचंय त्यावर ते ठरेल. पण एकदा हा खेळ हाताने करून पाहिला की पुढची कादंबरी वाचताना लेखकाने कोणती तऱ्हा घेतली आणि कोणत्या दोन टाकल्या, हे दिसायला लागतं. टाकलेल्या तऱ्हा दिसणं महत्त्वाचं. छापलेली तर सगळ्यांनाच दिसते.

असं वाचून शिकलेल्यांचा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि स्वच्छ दाखला म्हणजे हरिभाऊ आपटे. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिति' 1885 सालची. ती इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या रहस्यकथांच्या आधाराने उभी राहिली, म्हणजे सांगाडा उसना होता. त्यानंतर पाच वर्षांनी, 1890 साली 'करमणूक' सुरू झालं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तिथे या पुरुष लेखकाने यमूच्या तोंडून तिचं बालपण, लग्न आणि वैधव्य सांगितलं. पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या बाईचा आवाज त्यांना रेनॉल्ड्स देऊ शकत नव्हता. पण वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून कसं ठेवायचं, हे त्यांनी परक्या कादंबऱ्या वाचून आणि एक आधाराने लिहून हाताखालून घातलं होतं. पहिलं पुस्तक उसन्या सांगाड्यावर उभं राहिलं याची लाज बाळगायचं कारण नाही. दुसरंही तसंच राहिलं तर मात्र काळजी करावी.

तंत्र पुस्तकातून शिकवायचा प्रयत्नही मराठीत झाला. ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' 1931 सालचं. कथानक कसं रचावं, उत्कंठा कशी वाढवावी, हे त्यात इतक्या सफाईने सांगितलं होतं की एका पिढीने ते जवळ बाळगलं आणि पुढच्या पिढीने त्याची टिंगल केली. मला ती टिंगल थोडी अन्यायाची वाटते. फडके जे सांगतात ते चुकीचं नाही. पण नियम वाचताना पटतात आणि लिहिताना आठवत नाहीत. एखाद्या कादंबरीत आपणच हुडकून काढलेली युक्ती मात्र लिहिताना हाताशी येते.

वाचून बिघडणारेही असतात, त्याचा दाखला 'कोसला'चा. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली आली तेव्हा त्यांचं वय पंचविशीचं होतं. तिच्या निवेदकाचं, पांडुरंग सांगवीकरचं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' मराठी तरुणांच्या इतकं अंगात मुरलं की पुढची कित्येक वर्षं नवख्यांच्या वह्या 'वगैरे'ने भरल्या. नकलाकारांनी लकब उचलली. लकबीमागचा निर्णय मात्र जागच्या जागी राहिला. तो असा की, जगाबद्दल ठाम काही म्हणायची भीती वाटणारा मुलगा निवेदक करायचा आणि ती भीती त्याच्या वाक्यरचनेत उतरवायची. तुमचा निवेदक भित्रा नसेल तर त्याच्या तोंडी 'वगैरे' घालून काही मिळणार नाही.

भाषेच्या बाबतीत हाच धडा भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तून मिळतो. 1965 साली ती आली आणि आचार्य अत्र्यांनी तिच्यावर तोफ डागली. आक्षेप अश्लीलतेचा होता, पण माझ्या मते वाचकाला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तोवर नाक्यावरची भाषा अवतरणचिन्हांत यायची. पात्रं शिव्या द्यायची, लेखक शुद्ध बोलायचा आणि वाचक लेखकाच्या बाजूला सुरक्षित बसायचा. पाध्यांनी निवेदनच नाक्यावरच्या पोक्याच्या हाती दिलं. मग वाचकाला बसायला शुद्ध बाजू उरलीच नाही. माहीम-धारावीच्या परिसरावर लिहिताना हा प्रश्न आजही येतोच: मालवणी, बंबईया हिंदी, दखनी, ईस्ट इंडियनांची मराठी, हे सगळं अवतरणचिन्हांत ठेवायचं की बाहेर काढायचं? उत्तर काहीही असो, एका प्रकरणात आत आणि दुसऱ्यात बाहेर असं मात्र करू नका. संवाद मोठ्याने वाचून बघा. डोळ्याला चाललेलं वाक्य जिभेवर अडतं ते तिथेच कळतं.

वाचनाचा सगळ्यात कसून केलेला प्रकार कोणता असं विचाराल तर मी भाषांतर म्हणेन. याचाही दाखला माहीममध्येच सापडतो. पिंटोंनी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', दया पवारांचं 'बलुतं', मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आणि बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' ही मराठी पुस्तकं इंग्रजीत नेली. उलट दिशेने, शिवाजी पार्कात राहणाऱ्या शान्ताबाईंनी त्यांची कादंबरी मराठीत आणली. आणि त्या स्वतः 'रीटा वेलिणकर'सारखी कादंबरी लिहिलेल्या. वाचक कंटाळवाणा परिच्छेद उडी मारून जातो. भाषांतरकाराला ती मुभा नाही. हा स्वल्पविराम इथे का, हे वाक्य मध्येच का तुटलं, हा विनोद नेमका कोणत्या शब्दावर उभा आहे, याचा निकाल लावल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. 'कोबाल्ट ब्लू'त एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. पहिला भाग भावाचा, दुसरा बहिणीचा. दोघं एकाच घरात वाढलेली, तरी त्यांच्या वाक्यांची चाल वेगळी राहायला हवी. नुसतं वाचताना हा फरक जाणवतो. भाषांतर करताना तो प्रत्येक ओळीत पुन्हा घडवावा लागतो. पूर्ण पुस्तकाची गरज नाही. आवडत्या कादंबरीचं एक पान तुम्हाला येणाऱ्या कोणत्याही दुसऱ्या भाषेत, अगदी घरच्या बोलीत, उतरवून बघा. दोन-तीन संध्याकाळी जातील.

काही जण अशा वाचनाला घाबरतात. शिवण बघत बसलो तर वाचायची मजा जाईल, असं त्यांना वाटतं. म्हणून पहिलं वाचन मुकाट्याने करावं, पेन्सिल दूर ठेवून. ज्या पानावर जागरण झालं किंवा डोळे भरले, ते पान फक्त लक्षात ठेवावं. दुसऱ्या वाचनात थेट त्याच्या आधीच्या वीस पानांवर जावं. युक्ती बहुधा तिथेच केलेली असते. वाईट कादंबऱ्याही सोडू नयेत. चांगल्या पुस्तकात सांधा सापडायला वेळ लागतो, वाईटात तो उसवलेलाच असतो आणि लेखकाला काय करायचं होतं ते आयतं दिसतं.

दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. तिथे किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात 'माहीमची खाडी' मागा, जोडीला 'एम आणि हूमराव' घ्या आणि दोन्ही एकाच आठवड्यात वाचा. मग रखमाचा प्रसंग चौथ्या तऱ्हेने लिहून पाहा, भंगारवाल्याच्या तोंडून.